घरच्या टेबलावर फेज नॉइज मोजणं: नागपुरातल्या हॅम मित्रांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्वतः रेडिओ सेट बांधणारी हॅम (हौशी रेडिओचालक) मंडळी आमच्याकडे टेबलावरचा पसारा बघायला येतात आणि जवळपास तेच प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं एकदा नीट लिहून ठेवतो आहे. लाखो रुपयांचं उपकरण न घेता, बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) मिळणाऱ्या सामानात आणि थोड्या चिकाटीत फेज नॉइजचा भरवशाचा आकडा काढता येतो, हा माझा अनुभव आहे. अट एकच: आपल्या मोजणीचा स्वतःचा तळ, म्हणजे मांडणीचाच मूळ नॉइज, आधी माहीत हवा. तो माहीत नसताना काढलेला आकडा कोणाला सांगू नये.

फेज नॉइज म्हणजे नेमकं काय?

ऑसिलेटरने, म्हणजे ठरावीक वारंवारतेची लहर तयार करणाऱ्या सर्किटने, १० मेगाहर्ट्झ दिले म्हणजे प्रत्येक लहर बरोबर ठरल्या क्षणी शून्य ओलांडेल, असं नसतं. काही लहरी किंचित आधी येतात, काही किंचित उशिरा. हे मागेपुढे होणं म्हणजेच फेजमधला गोंधळ. स्पेक्ट्रमवर तो कॅरियरच्या, म्हणजे मूळ लहरीच्या, दोन्ही बाजूंना उतरत जाणाऱ्या पायथ्यासारखा दिसतो.

मोजताना कॅरियरपासून किती दूर, म्हणजे कोणत्या ऑफसेटला, आणि एक हर्ट्झ रुंदीत किती, हे दोन्ही सांगावं लागतं. म्हणून एकक डीबीसी (कॅरियरच्या तुलनेत डेसिबल) प्रति हर्ट्झ. ‘उणे १३०’ एवढंच म्हटलं तर काही अर्थ निघत नाही. ‘१ किलोहर्ट्झ ऑफसेटला उणे १३०’ म्हटलं की बोलणं पुरं होतं.

वारंवारता गुणली की हा नॉइजही वाढतो, २० लॉग एन या हिशेबाने. १० मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलचा आकडा उणे १५० असेल, तर त्याच्यापासून १४४ मेगाहर्ट्झ बनवताना गुणक १४.४ होतो, वाढ २३ डेसिबल होते आणि हातात उणे १२७ पडतात. गुणणारं सर्किट अगदी निर्मळ असलं तरी यातून सुटका नाही.

माझ्या सेटवर बाजूच्या स्टेशनमुळे खरखर येऊन राहिली आहे. ती फेज नॉइजच कशावरून?

एका उदाहरणाने बघू. तुम्ही धरमपेठेत आणि दुसरा हॅम प्रतापनगरात, दोघंही ४० मीटर बँडवर. त्याचा सिग्नल तुमच्याकडे एस मीटरवर (सिग्नलची ताकद दाखवणाऱ्या मीटरवर) एस ९ च्या वर ६० डेसिबल येतो, म्हणजे उणे १३ डीबीएम (एक मिलिवॉटच्या तुलनेत डेसिबल). तुम्ही त्याच्यापासून २० किलोहर्ट्झ दूर ऐकत आहात आणि तुमच्या लोकल ऑसिलेटरचा (रिसीव्हरमधल्या ऑसिलेटरचा) नॉइज त्या ऑफसेटला उणे ११० आहे. एसएसबीच्या (आवाज पाठवायच्या एका पद्धतीच्या) २.४ किलोहर्ट्झ रुंदीसाठी ३४ डेसिबल मिळवा. उणे १३, उणे ११०, अधिक ३४: उणे ८९ डीबीएम. मीटरवर हे एस ६ च्या आसपास भरतं. म्हणजे एस ५ ने येणारं दूरचं स्टेशन तुमच्यासाठी नाहीच. प्रतापनगरातल्या बिचाऱ्याचा सिग्नल स्वच्छ असला तरी खरखर तुमच्याच रिसीव्हरमध्ये तयार होते. याला रेसिप्रोकल मिक्सिंग म्हणतात.

ओळखायची खूण: अँटेनाच्या वाटेत सिग्नल १० डेसिबलने कमी करणारा अ‍ॅटेन्युएटर घाला. खरखर १० नेच उतरली तर फेज नॉइजचा संशय धरा, २०-३० ने कोसळली तर रिसीव्हरचा पहिला टप्पा ओव्हरलोड होत होता. संशय पक्का झाल्यावर दुसरा, वेगळ्या बनावटीचा रिसीव्हर त्याच अँटेनाला लावा. तिथंही तेवढीच खरखर असेल तर नॉइज बहुधा समोरच्या ट्रान्समीटरमधून येतो आहे. एवढं बघितल्याशिवाय शेजारच्या हॅमला दोष देऊ नये, ही कळकळीची विनंती.

आरटीएल-एसडीआर डोंगलने मोजता येईल का?

चांगला ऑसिलेटर असेल तर नाही. डोंगलमध्ये (कंप्युटरला जोडायच्या छोट्या रिसीव्हरमध्ये) आठ बिट असतात, म्हणजे आदर्श स्थितीतही सिग्नल आणि नॉइज यांत सुमारे ५० डेसिबलच अंतर. ते २.४ मेगाहर्ट्झवर पसरलं की तळ उणे ११४ च्या आसपास येतो, आणि डोंगलच्या ट्यूनरचा स्वतःचा नॉइज त्यावर वेगळा. एखादा व्हीसीओ (व्होल्टेजने वारंवारता बदलणारा ऑसिलेटर) सरळ बिघडला असेल तर तेवढं मात्र डोंगल दाखवतो.

आणि स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर हाताशी असेल तर?

मग काम बरंच सोपं, पण अ‍ॅनालायझरचा स्वतःचा ऑसिलेटर तुमच्या ऑसिलेटरपेक्षा निदान १० डेसिबल चांगला हवा. रेझोल्यूशन बँडविड्थ (एका वेळी मोजली जाणारी रुंदी) १ किलोहर्ट्झ असेल तर वाचनातून ३० वजा करा. लॉग स्केलवर सरासरी घेतली असेल तर नॉइज सुमारे २.५ डेसिबल कमी दिसतो, तेवढे परत मिळवा. तसंच अ‍ॅनालायझरला अ‍ॅम्प्लिट्यूडचा नॉइज आणि फेजचा नॉइज यांतला फरक कळत नाही. दोन्हींची बेरीज दिसते.

सुरुवात कशाने करू?

रिसीव्हरपासून. यात सगळ्यात कमी सामान लागतं आणि हाती येणारा आकडा थेट तुमच्या ऐकण्याशी जोडलेला असतो.

लागेल काय: १० मेगाहर्ट्झचा एक शांत क्रिस्टल ऑसिलेटर, पायऱ्यांचा अ‍ॅटेन्युएटर आणि ट्रू आरएमएस मल्टिमीटर. रिसीव्हर ५०० हर्ट्झच्या सीडब्ल्यू (मोर्स) फिल्टरवर ठेवा, एजीसी (गेन आपोआप बदलणारी सोय) बंद. अँटेनाच्या जागी ५० ओम लावून ऑडिओ आउटपुटचा व्होल्टेज नोंदवा. मग ऑसिलेटर जोडा, रिसीव्हर १०.०१० मेगाहर्ट्झवर न्या, आणि व्होल्टेज १.४१ पट होईपर्यंत ऑसिलेटरची पातळी वाढवत जा. १.४१ पट म्हणजे ३ डेसिबल, म्हणजे ऑसिलेटरमुळे आलेला नॉइज आता रिसीव्हरच्या मूळ नॉइजएवढा झाला.

समजा रिसीव्हरचा मूळ तळ ५०० हर्ट्झमध्ये उणे १३० डीबीएम आहे आणि ही वेळ उणे ३० डीबीएमला आली. फरक १०० डेसिबल. ५०० हर्ट्झसाठी २७ आणखी. म्हणजे १० किलोहर्ट्झ ऑफसेटला उणे १२७ डीबीसी प्रति हर्ट्झ. नीट बांधलेला क्रिस्टल ऑसिलेटर त्या ऑफसेटला यापेक्षा कितीतरी शांत असतो, म्हणून हा आकडा रिसीव्हरचाच धरायचा.

मल्टिमीटरबद्दल एक सांगतो. स्वस्त मीटर एसीवर एक-दोन किलोहर्ट्झपुढे कमी दाखवतात, म्हणून सीडब्ल्यूचा सूर ६००-७०० हर्ट्झवर असलेला बरा.

क्रिस्टलच का? माझा एलसी व्हीएफओ (कॉइल-कपॅसिटरचा, वारंवारता बदलता येणारा ऑसिलेटर) तर छान स्थिर आहे.

अभियंते डेव्हिड लीसन यांनी १९६६ मध्ये ऑसिलेटरच्या नॉइजचं एक साधं सूत्र मांडलं, ते आजही कामाला येतं. त्याचा गाभा असा: रेझोनेटरच्या अर्ध्या बँडविड्थच्या आत आलात की अ‍ॅम्प्लिफायरचा नॉइज कॅरियरकडे जाताना वर चढत जातो. ही अर्धी बँडविड्थ म्हणजे वारंवारता भागिले क्यूची (रेझोनेटरच्या निवडकपणाच्या आकड्याची) दुप्पट. ५ मेगाहर्ट्झच्या एलसी सर्किटचा क्यू १०० धरला तर ती २५ किलोहर्ट्झ येते. १० मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलचा क्यू एक लाख धरला तर अवघी ५० हर्ट्झ. स्थिरता ही वेगळी गोष्ट. तासाभरात न सरकणारा व्हीएफओ १ किलोहर्ट्झ ऑफसेटला गोंगाट करत असू शकतो.

एसआय५३५१ सारखी वारंवारता तयार करणारी चिप स्वस्त आणि सोयीची आहे. हैदराबादच्या अशहर फरहान यांच्या मायक्रोबिटएक्समध्ये तीच आहे आणि त्या सेटने कितीतरी जणांना हॅम रेडिओत आणलं. पण मोजणीचा संदर्भ म्हणून ती घेऊ नका. तिथं साधा क्रिस्टलच हवा.

दोन ऑसिलेटर आणि मिक्सरची पद्धत समजावून सांगाल का?

घरच्या मोजणीत मला हीच पद्धत सगळ्यात जास्त आवडते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

एकाच वारंवारतेचे दोन ऑसिलेटर एसबीएल-१ सारख्या डायोड रिंग मिक्सरला (दोन सिग्नलांचा गुणाकार करणाऱ्या भागाला) द्या, संदर्भाचा ७ डीबीएमने आणि तपासायचा सुमारे शून्य डीबीएमने. दोघांमध्ये ९० अंशांचं अंतर ठेवलं की मिक्सरच्या आउटपुटचा डीसी शून्यावर येतो, आणि त्या शून्याभोवती जे थरथरतं ते फेजमधल्या फरकाच्या प्रमाणात असतं. कॅरियर असा कापला गेल्यामुळे उरलेला नॉइज हवा तेवढा मोठा करता येतो.

पुढे लो-पास फिल्टर, मग एनई५५३४ या ऑप-अँपच्या दोन टप्प्यांचा ६० डेसिबलचा अ‍ॅम्प्लिफायर, मग साउंड कार्ड. एनई५५३४ चा नॉइज हर्ट्झच्या वर्गमुळाला सुमारे ४ नॅनोव्होल्ट. मिक्सर रेडियनला ०.३ व्होल्ट देत असेल तर सगळ्या मांडणीचा तळ उणे १६० च्या आसपास पडतो. त्याहून शांत एडी७९७ घातला तर उणे १७० कडे सरकता येतं, पण कॅरियरच्या अगदी जवळ मिक्सरचाच फ्लिकर नॉइज (कमी वारंवारतेला वाढत जाणारा नॉइज) आडवा येतो. पहिल्या बांधणीला एनई५५३४ पुरे.

दोन ऑसिलेटर आपणहून ९० अंशांवर बसून राहत नाहीत. मिक्सरचा डीसी घेऊन एका ऑसिलेटरच्या व्हॅरॅक्टरला (व्होल्टेजने वारंवारता सरकवणाऱ्या डायोडला) हळू हाताने ओढणारा लूप लागतो. हळू म्हणजे ज्या सगळ्यात लहान ऑफसेटला मोजायचं आहे त्याच्या निदान दहापट खाली. लूपच्या बँडविड्थच्या आतला नॉइज लूप स्वतःच पुसून टाकतो. डीसीवर सतत मल्टिमीटर ठेवा. रेडियनला ०.२८ व्होल्ट असतील तर १० मिलिव्होल्ट म्हणजे फक्त २ अंशांची चूक, तेवढी चालते.

आकडा काढायचा कसा?

लूप सोडा, एक ऑसिलेटर किंचित सरकवून १ किलोहर्ट्झचा बीट (दोन वारंवारतांच्या फरकाचा सूर) येऊ द्या. हा बीट थेट अ‍ॅम्प्लिफायरला दिला तर सगळं छाटलं जाईल, म्हणून तपासायच्या ऑसिलेटरच्या वाटेत ६० डेसिबलचा अ‍ॅटेन्युएटर घाला. आमच्याकडच्या एका मोजणीचे आकडे देतो.

बीट साउंड कार्डवर फुल स्केलच्या १० डेसिबल खाली दिसला. अ‍ॅटेन्युएटर नसता तर तो ६० ने वर असता, म्हणजे अधिक ५०. मग अ‍ॅटेन्युएटर काढला, लूप लावला, सगळं शांत झालं आणि १ किलोहर्ट्झवर नॉइज उणे ६५ दिसला. एफएफटी (सिग्नल वारंवारतांत फोडणारं गणित) ४०९६ बिंदूंची, सॅम्पलिंग ४८ किलोहर्ट्झ, म्हणजे प्रत्येक खाना ११.७ हर्ट्झचा. हॅन विंडोमुळे नॉइजसाठी तो दीडपट, १७.६ हर्ट्झ, अर्थात १२.४ डेसिबल. एक हर्ट्झमध्ये नॉइज उणे ७७.४. त्यातून ५० गेले, उणे १२७.४. आणखी ६ वजा, कारण बीटचं आरएमएस आणि शिखर यांतले ३ आणि एकाच बाजूचा नॉइज मोजायचे ३. उत्तर उणे १३३.४.

दोन्ही ऑसिलेटर सर्किटच्या एकाच नकाशावर, एकाच लॉटच्या क्रिस्टलवर बांधले होते, म्हणून प्रत्येकाच्या वाट्याला आणखी ३ कमी: उणे १३६.४. दोघं सारखे नसतील तर हे ३ वजा करता येत नाहीत. तिसरा ऑसिलेटर बांधा, तीन जोड्या मोजा आणि तीन समीकरणांतून प्रत्येकाचा आकडा वेगळा काढा.

अ‍ॅम्प्लिफायरचा गेन या हिशेबात कुठंच आला नाही, हे लक्षात घ्या. दोन्ही वेळा तो तेवढाच होता, म्हणून आपोआप वजा झाला.

मोजणीचा तळ कसा बघायचा?

एकच ऑसिलेटर स्प्लिटरने दोन भागांत वाटा. एक भाग थेट मिक्सरला, दुसरा पाव तरंगलांबीच्या केबलमधून. १० मेगाहर्ट्झला आरजी-५८ केबल ४.९५ मीटर लागते. ऑसिलेटरचा नॉइज दोन्ही वाटांनी सारखाच पोचतो आणि कापला जातो. उरतो तो मिक्सरचा, अ‍ॅम्प्लिफायरचा, कार्डाचा. या आलेखाची प्रत प्रत्येक मोजणीसोबत ठेवा. तपासलेला आकडा या रेषेच्या १० डेसिबल वर असेल तर निर्धास्त राहा. ३ वर असेल तर अर्धा नॉइज तुमच्या मांडणीचाच आहे.

माझा आकडा फारच चांगला आला. विश्वास ठेवू?

ठेवू नका, आधी शोध घ्या. पहिल्या वर्षी मला १०० हर्ट्झला उणे १६५ मिळाले होते. दोन दिवस मी आनंदात होतो. मग बीट हळूहळू कमी करत गेलो तेव्हा दिसलं की एका हद्दीच्या खाली बीटची गोल लहर एका बाजूला कलते, करवतीच्या दातासारखी होते आणि एकदम थांबते. दोन्ही ऑसिलेटर एकाच पॉवर सप्लायवर होते आणि त्यांनी एकमेकांना धरून ठेवलं होतं. दोघं एकत्रच थरथरत होते, तर फरक दिसणार कुठून?

उपाय साधे आहेत. प्रत्येकाला स्वतंत्र १२ व्होल्टची बॅटरी, स्वतंत्र सोल्डर केलेला पत्र्याचा डबा, आणि मिक्सरच्या आधी प्रत्येकाला बफर. त्यानंतर तोच आकडा ३० डेसिबलपेक्षा जास्त वर आला. तो खरा होता.

आलेखात जागोजागी काड्या उभ्या दिसतात. त्या कशाच्या?

५०, १००, १५० हर्ट्झवर असतील तर घरच्या विजेच्या. लॅपटॉपचा चार्जर काढा, बॅटरीवर चालवा, साउंड कार्डला ऑडिओ ट्रान्सफॉर्मरमधून जोडा. टेबलावरचा एलईडी दिवा आणि इन्व्हर्टर दोन्ही बंद करा.

एक काडी मात्र मला फार दिवस छळत होती, २३ हर्ट्झवर, आणि तीही फक्त एप्रिल-मे महिन्यांत दुपारी. नागपूरकराला खरं तर लगेच कळायला हवं होतं. खिडकीतल्या डेझर्ट कूलरच्या मोटरचे फेरे मिनिटाला सुमारे १४००, म्हणजे सेकंदाला २३. तो थरार खिडकीच्या चौकटीतून भिंतीत, भिंतीतून टेबलात आणि तिथून क्रिस्टलमध्ये जात होता. क्रिस्टलला एक जी इतका धक्का बसला की वारंवारता साधारण अब्जात एक भाग सरकते. टेबल ०.०१ जी थरथरलं तर १० मेगाहर्ट्झवर फरक फक्त ०.०००१ हर्ट्झ. तरी २३ हर्ट्झला काडी उणे ११३ डीबीसीवर उभी राहते, आणि आपली मांडणी ती स्पष्ट दाखवते.

कूलर बंद केला, पाती फिरायची थांबली आणि पडद्यावर काडी खाली बसत गेली. तेव्हापासून ऑसिलेटर संत्र्याच्या जुन्या लाकडी पेटीत ठेवतो. आत थर्माकोल, खाली वाळूची पिशवी.

मग उन्हाळ्यात मोजणी बंदच?

दुपारी बंदच ठेवा. बाहेर ४५ अंश असताना कूलर बंद करून बसणं तब्येतीला बरं नाही, आणि तापमान सरकलं की लूपलाही सतत धावपळ करावी लागते. पहाटे चार ते सहा ही वेळ उत्तम. डिसेंबर-जानेवारीत रात्रभर बसा.

साउंड कार्ड कोणतं घ्यावं?

२४ बिटचं, यूएसबीचं, लाइन इनपुट असलेलं कोणतंही. १९२ किलोहर्ट्झचं असेल तर सुमारे ९० किलोहर्ट्झ ऑफसेटपर्यंत जाता येतं, ४८ चं असेल तर २० पर्यंत. माइकचं इनपुट टाळा आणि कंप्युटरमधल्या ‘आवाज सुधारणाऱ्या’ सगळ्या सोयी बंद करा, त्या नॉइज खातात.

दुसरा ऑसिलेटर नसेल तर लांब केबलची पद्धत चालेल का?

मोकळ्या व्हीसीओसाठी चालेल. यात ऑसिलेटरची तुलना लांब केबलमधून उशिरा आलेल्या त्याच्याच सिग्नलशी होते. ५० मीटर आरजी-५८ म्हणजे सुमारे २५० नॅनोसेकंद उशीर. पण १ किलोहर्ट्झ ऑफसेटला या उशिरामुळे संवेदनशीलता ५६ डेसिबलने घटते, उणे १६० चा तळ उणे १०४ वर येतो. १०० किलोहर्ट्झला घट १६ डेसिबलच. म्हणजे ही दूरच्या ऑफसेटची पद्धत आहे. क्रिस्टलसाठी तिचा उपयोग नाही.

क्रॉस-कोरिलेशन घरी जमतं का?

जमतं, पण सगळं दोनदा बांधावं लागतं: दोन संदर्भ, दोन मिक्सर, दोन अ‍ॅम्प्लिफायर, आणि स्टिरिओ कार्डाचे दोन चॅनल. दोन्हीकडे सारखा असलेला नॉइज टिकतो, वेगळा असलेला सरासरीत विरत जातो. दहा हजार सरासऱ्यांनी तळ २० डेसिबल उतरतो. वर सांगितलेल्या एफएफटीने त्याला सुमारे चौदा मिनिटं लागतात. एक धोका आहे: स्प्लिटरच्या उष्णतेचा नॉइज दोन चॅनलमध्ये उलट चिन्हाने जातो आणि खऱ्या नॉइजलाच कापू शकतो. आलेखात अचानक खोल खड्डा पडला तर त्याला यश समजू नका.

ट्रान्समीटर मोजायचा असेल तर?

१०० वॉट म्हणजे अधिक ५० डीबीएम. तो डमी लोडमध्येच सोडा आणि ५० डेसिबलच्या टॅपमधून मिक्सरला शून्य डीबीएम घ्या. टॅपचे रेझिस्टर किती वॉट सोसतात हे आधी तपासा. पंधरा-वीस सेकंदांच्या तुकड्यांत मोजा आणि मध्ये सेटला थंड होऊ द्या.

वहीत काय काय लिहून ठेवावं?

तारीख, वेळ, खोलीचं तापमान, दोन्ही पोर्टवरची पातळी, बीटचं वाचन, अ‍ॅटेन्युएटर किती, एफएफटीची लांबी आणि विंडो, लूपची बँडविड्थ, बॅटरीचा व्होल्टेज. सोबत त्याच दिवशी काढलेला तळाचा आलेख. मी शेवटी आणखी एक रकाना आखला आहे: कूलर चालू की बंद.